पाच-पाच तोळ्यांचा मसाला

सत्यभामा फडतरेच्या घरात सकाळच्या खाण्याला ठरलेलं नाव नसायचं. नावं ठेवायला हौसेराव होते.

त्या मंगळवारी तव्यावर जे चाललं होतं त्यात रात्रीची उरलेली मुगाची खिचडी होती, दोन मुठी ज्वारीचं पीठ होतं, मान टाकलेली मेथी होती आणि बेसन संपल्यामुळे फरसाणाच्या डब्याच्या तळाशी राहिलेली बारीक शेव होती. हौसेरावांनी ताटलीतला गोल पदार्थ उलटा करून पाहिला, मग सुलटा करून पाहिला.

"ह्याला काय म्हणायचं?"

"आधी खावा. मग म्हणा."

"तसं न्हाई. उद्या परत मागायचं झालं तर नाव नको?"

"उद्या न्हाई मिळायचं. खिचडी संपली."

अकरावीतली प्रियदर्शिनी वेणी घालता घालता म्हणाली, "बाबा, पिझ्झा म्हणा. वाशीला साठ रुपयांना मिळतो."

हौसेरावांनी तो पिझ्झा दोन वेळा मागून घेतला, हात धुतला आणि चपला शोधायला लागले. ते वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी. पाठीवर गोणी घेऊन त्यांचं निम्मं आयुष्य मशीद बंदरात गेलं. बाजार खाडी ओलांडून इकडे आला, तसे तेही बायको, लेक आणि एक पत्र्याची पेटी घेऊन नेरूळच्या सिडकोच्या घरात आले. तळमजला, एक खोली, एक स्वयंपाकघर. बाकी सगळी बिल्डिंग कचेरीत जाणाऱ्यांची. पँटीला इस्त्री, हातात ब्रीफकेस आणि ब्रीफकेसमध्ये पोळीभाजीचा डबा.

सत्यभामा मूळची कोरेगाव तालुक्यातली. तिची आई वेणूबाई पंचवीस माणसांचा स्वयंपाक एका नजरेच्या अंदाजाने उरकायची. लेकीने तो अंदाज उचलला आणि त्यात स्वतःची भर घातली. घरात जे नाही त्याबद्दल हळहळायचं नाही, जे आहे त्याला कामाला लावायचं. चिंच नसेल तर कैरी, कैरी नसेल तर टोमॅटो, टोमॅटो महाग असतील तर कालचं ताक. आमटी तीच राहायची, कारण ती चाखून थांबायची. स्वयंपाकघराच्या बाहेरही तिचं हेच तत्त्व. दारावरच्या बेलचे सेल काढून तिने घड्याळात घातले होते, कारण घड्याळ दिवसभर लागतं आणि पाहुणे काय, हाताने वाजवू शकतात.

म्हणून पावणेआठला, हौसेराव कोपऱ्यावर पोचले असतील नसतील तोच, दार हाताने वाजलं. जरा जास्तच वाजलं.

बाहेर दुसऱ्या मजल्यावरच्या वैजयंती खातू उभ्या होत्या. एका हातात काचेची बरणी, दुसऱ्या हातात वही. मराठी घेऊन बी. ए. झालेली ही बाई बिल्डिंगच्या महिला मंडळाची सेक्रेटरी. माहेर गिरगाव, सासर गुहागर, आणि या दोन्ही ठिकाणांहून तिने काही आणलं असेल तर ते म्हणजे कोणतीही गोष्ट लिहून ठेवायची सवय.

"फडतरेवहिनी, चाखा," त्या म्हणाल्या. नमस्कार नाही, चमस्कार नाही.

बरणीत मसाला होता. काळपट, जड, ओल्या मातीसारखा दिसणारा. सत्यभामाने चिमूट जिभेवर टेकवली. आधी कडू लागलं. मग लवंग लागली. मग काहीच लागलं नाही, कारण जीभ बधिर झाली.

"कोनी केला ह्यो?"

"मी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे. अक्षर न् अक्षर."

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं.

सोसायटीला पाच वर्षं झाली म्हणून मंडळ पाककृतींची पुस्तिका काढणार होतं. चोवीस पानं, मागच्या पानावर शेगडीवाल्याची जाहिरात. आलेल्या पाककृतींपैकी नऊ साबुदाण्याच्या होत्या. वैजयंतीबाईंनी बैठकीत सांगितलं, की या बिल्डिंगमध्ये खरं चवीचं काही असेल तर तो तळमजल्यावरचा कांदा-लसूण मसाला. तो पुस्तिकेत हवाच. त्यावर त्यांच्याच समोरच्या दारातल्या जाईबाई म्हणाल्या होत्या, "हमालाच्या घरचं तिखट छापायचं आता?" वैजयंतीबाईंनी ऐकून घेतलं आणि तरीही हट्ट सोडला नाही. फक्त नियम सगळ्यांना सारखा: दुसऱ्या कोणी करून पाहिल्याशिवाय छापायचं नाही. हा मसाला त्या स्वतः करून पाहणार होत्या.

महिनाभरापूर्वी त्या वही घेऊन आल्या, पाटावर बसल्या आणि पेन उघडून म्हणाल्या, "हं. लवंग किती?"

इथे सत्यभामा फसली. लवंग किती हे तिला माहीतच नव्हतं. तिने आयुष्यात लवंग मोजून घेतली नव्हती, कारण ती विकतच घेतली नव्हती. मसाला मार्केटात गुढीपाडव्याच्या आधी सेठ लोक गोदामं रिकामी करून माल उन्हाला काढतात. त्या वेळी गोण्यांच्या तळाशी जे राहिलेलं असतं, मिरीच्या गोणीतलं, दालचिनीच्या गोणीतलं, दगडफुलाच्या, बादियानाच्या, ते सगळं एका ठिकाणी ओतून हौसेरावांचे सेठ आपल्या माणसांना वाटून द्यायचे. त्याला सगळे 'तळ' म्हणायचे. घरी आला की सत्यभामा तीन दिवस तो निवडायची. काडी, खडा, सुतळीचा धागा, एकदा तर शर्टाचं बटण. मग दरवर्षी बघायचं, यंदा तळात काय जास्त आलंय. लवंग जास्त असेल तर खोबरं वाढवायचं, दगडफूल जास्त असेल तर धने. म्हणजे दरवर्षी मसाला वेगळा आणि चव तीच.

हे बाहेर सांगायचं नाही असं हौसेरावांनी बजावलं होतं. "बाजारातलं बाजारात ऱ्हाऊ दे. इथं लोक पाकिटातलं खात्यात. त्यांना तळ म्हटलं की उकिरडा दिसंल."

तेव्हा, पेन उघडून बसलेल्या बी. ए. बाईपुढे 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली आणि खरं सांगायची सोय नव्हती. सत्यभामा म्हणाली, "पाच तोळं."

"दालचिनी?"

"पाच तोळं."

"दगडफूल?"

"त्येबी पाचच."

नागकेशर पाच, मिरी पाच, बादियान पाच. वैजयंतीबाई खाली मान घालून लिहीत होत्या. फक्त शेवटी त्यांनी वर पाहिलं. "हिंगही पाच?"

"हिंग," सत्यभामा जरा विचार करून म्हणाली, "जरा कमी घ्या."

आता ते सगळं, हिंग तेवढा जरा कमी, बरणीत होतं.

"काल रस्सा केला," वैजयंतीबाई सांगायला लागल्या. "ह्यांनी दोन वाट्या घेतल्या, कौतुक म्हणून. रात्रीपासून तोंड बधिर आहे. आज कचेरीत जाताना मला 'येतो' म्हणाले ते मला 'एओ' ऐकू आलं. दाढ दुखत होती ती थांबली, तेवढंच पुण्य."

सत्यभामाला हसू आलं, पण समोरचा चेहरा बघून ते आत परत गेलं.

"हसण्यासारखं नाही हो. उद्या पुस्तिका छापायला जाते. जाईबाई जिन्यात सगळ्यांना सांगतायत, की फडतरीणबाईंनी मुद्दाम एक वस्तू गाळून सांगितली. अशी माणसं आपली चव दुसऱ्याला देत नाहीत म्हणे." त्या थांबल्या. "मी म्हटलं, त्या तशा नाहीत. पण वहिनी, मग हे काय आहे? काय सांगायचं राहिलं?"

राहिलं काहीच नव्हतं. उलट, नसलेलंच सगळं सांगून झालं होतं. सत्यभामा उंबऱ्यात बरणी धरून उभी राहिली. गप्प राहिली तर ती गाळणारी, आतल्या गाठीची. मग पुढची वीस वर्षं या जिन्यात तिच्या पाठीमागे तेच चालणार. आणि खरं बोलली तर ती बिल्डिंगला गोणीच्या तळाचं खायला घालणारी, त्यात हौसेरावांचा मान जाणार. गेल्या वर्षी वाटी वाटी मसाला कोणाकोणाच्या घरी गेला ते तिने मनात मोजलं. सात घरं. जाईबाईंनी दोनदा नेला होता. दुसऱ्यांदा ऐरोलीच्या लेकीसाठी.

"वैनी," ती म्हणाली, "किती केलाय ह्यो?"

"दीड किलो."

"चला वर. आधी मसाला बगू, मग माझं बगा."

वैजयंतीबाईंच्या स्वयंपाकघरात सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. रवा जाड, रवा बारीक, साखर, साखर (पाहुणे). सत्यभामाने पदर खोचला आणि चिठ्ठ्या न वाचता झाकणं उघडायला सुरुवात केली. वरच्या फळीवर तिची नजर क्षणभर अडकली. तिथे तिचा स्वतःचा, आईकडून आलेला स्टीलचा डबा होता, घट्ट झाकणाचा, बाजूला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'सौ. वेणूबाई'. गेल्या चैत्रात त्यातून मसाला वर आला होता. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून वैजयंतीबाईंनी तो ठेवून घेतला होता, स्वतःचा मसाला जमला की भरून देऊ म्हणून. मसाला जमेपर्यंत डब्यात मेणबत्त्या राहत होत्या. बारा महिने झाले. सत्यभामा इथे आली की तो डबा बघायची आणि काही न बोलता खाली जायची. दिलेला डबा मागणं म्हणजे जवळपास भांडणच.

"खोबरं हाय?"

"गुहागरचं आहे, सुकं. किती देऊ?"

"हाय तेवढं सगळं."

"पण पुस्तिकेत प्रमाण..."

"वैनी, पेन ठेवा जरा. दोन्ही हात लागत्याल."

आणि मग त्या स्वयंपाकघरात तीन तास जे चाललं ते पाककृती या सदरात बसणारं नव्हतं. खोबरं किसून भाजलं. धने भाजले. तीळ मागितले तर निघाले चमचाभर, मग चिवड्यासाठी आणलेलं डाळं घेतलं. कांदे उभे चिरून तळले, लसूण सोलायला वैजयंतीबाईंना बसवलं. तिखटाला रंग नव्हता म्हणून साधी लाल मिरची पूड ओतली. मिक्सर तापला की थांबायचं, थांबलं की चाखायचं. प्रत्येक वेळी सत्यभामा थोडा भात खाऊन जीभ पुसायची आणि नवी चिमूट ठेवायची.

"अजून लवंग वर येतीया," ती म्हणायची, आणि अजून एक मूठ धने पडायचे.

"हे तुम्हाला कळतं कसं?"

"तुमाला न्हाई का कळत, नवरा घरात शिरला की आज साहेब बोलला हाय त्यो?"

"ते कळतं."

"मग हेबी कळंल. लवंग काय नवऱ्यापेक्षा अवघड असती व्हय."

वैजयंतीबाई पहिल्यांदा हसल्या. मग त्यांना स्वतःलाच सुचलं. "आमच्याकडे थोडं गोडसर लागतं. खोबरं अजून घातलं तर?"

"घाला की. तुमचं घर, तुमची जीभ. आमच्यात मालकाला झणका लागतो, म्हणून मी खोबऱ्यावर हात आखडते. मसाल्यानं घरासारखं वागावं. उगा दुसऱ्यासारखं कशाला."

दीड किलोचा मसाला वाढत वाढत पाच किलो झाला. कढया संपल्या, पातेली संपली, शेवटी साखर (पाहुणे) रिकामी करावी लागली. पण अकराच्या सुमाराला सत्यभामाने चिमूट जिभेवर ठेवली आणि पुढे काही मागितलं नाही. वैजयंतीबाईंनी चाखलं. लवंग आता सगळ्यांच्या मागे, शहाण्या सुनेसारखी उभी होती.

तेवढ्यात दारात जाईबाई. वास जिन्यात गेला होता आणि वासामागोमाग त्या आल्या.

"अगो बाई, सुधारला वाटतं." त्यांनी आत येऊन परातीत बोट बुडवलं. "मग? काय राहिलं होतं सांगायचं, फडतरीणबाई? कळू दे आम्हालाही."

वैजयंतीबाईंनी सत्यभामाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेतही तोच प्रश्न होता. सकाळपासून तीन तास त्यांनी तो गिळून ठेवला होता.

सत्यभामाने हात धुतले. पदराला पुसले. आज मसाला सुधारला होता, तेवढ्यावर निभावून नेता आलं असतं; जायफळ राहिलं होतं म्हटलं असतं की संपलं. पण मग ते जायफळ उद्या छापलं गेलं असतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात घराघरांतून बधिर तोंडाची माणसं कचेरीत गेली असती.

"काय न्हाई राहिलं," ती म्हणाली. "पाच-पाच तोळं मी मनानं सांगितलं. मला ठावंच न्हाई किती ते."

"म्हणजे?" वैजयंतीबाई.

"तुमी पेन घेऊन बसला वैनी, मला लाज वाटली. तुमी विचारत गेला, मी सांगत गेले. मी कधी मोजलंच न्हाई. आमच्या घरी मसाला विकत येत न्हाई. गोणीच्या बुडाला उरतं ते सेठ पाडव्याला देत्यात. समदं मिसळलेलं. दरसालाला येगळं. जे येतं त्यात मी भागवते."

"म्हणजे झाडण," जाईबाई हळूच म्हणाल्या. बोट अजून तोंडात होतं, ते बाहेर काढावं की नाही याचा त्यांना निर्णय होईना.

सत्यभामाचे कान तापले. हौसेराव डोळ्यांपुढे आले, सकाळी पिझ्झा उलटासुलटा करून बघणारे. मग आवाज अगदी घरातल्यासारखा करून ती बोलली.

"झाडण न्हवं, जाईबाई. झाडण जमिनीवर पडतं. ह्ये गोणीतलंच असतं, निस्तं खालचं. तीन दिस मी निवडते त्ये, डोळ्याला पाणी येईस्तवर. तुमच्या पाकिटातलं कोण निवडतं, त्याचं नाव सांगा मला." ती थांबली. "आन् ऐरोलीला तुमच्या लेकीनं खाल्लं की. जावयानं चिठ्ठी पाठवली होती म्हणालात, अजून पाठवा म्हणून."

जाईबाईंनी बोट बाहेर काढलं आणि विषय बदलायचा म्हणून परातीकडे पाहिलं. तिथे विषय तोच होता.

वैजयंतीबाई खाली बसल्या. त्यांनी वही उघडली, पाच तोळ्यांचं पान काढलं, एक आडवी रेघ मारली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सत्यभामा घाबरली, तिला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हिंग जरा कमी," त्या म्हणाल्या. "मी विचार करत होते, हिंगच का कमी. त्याने काय केलंय."

"हिंगाला तेवढं वाचवलं," सत्यभामा म्हणाली.

"आता मी छापू काय? तुमचं पान मी मंडळाला सांगून ठेवलंय. साबुदाणा दहावा छापणार नाही मी." त्या परातीकडे बघत राहिल्या, मग पेनचं टोपण काढलं. "सकाळपासून काय केलं ते क्रमाने सांगा. आकडे नकोत. लवंग वर आली तर काय?"

"खोबरं, धने."

"कडू झालं तर?"

"तळलेला कांदा. आन् चिमूटभर गूळ, पण कोनाला सांगू नका."

"तीळ नसतील तर?"

"डाळं. डाळं नसंल तर शेंगदाणं. त्येबी नसतील तर शेजारणीकडं जावा."

त्यांनी तेही लिहिलं. वर शीर्षक घातलं: 'बिघडलेला मसाला सुधारणे'. खाली सहीच्या जागी, सौ. सत्यभामा हौसेराव फडतरे, तळमजला. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. सत्यभामा भिंतीला टेकून ऐकत होती. आपण हे सगळं बोललो होतो हे तिला ऐकल्यावरच कळलं.

"याचं गिऱ्हाईक जास्त," वैजयंतीबाई म्हणाल्या. "चांगला मसाला दोन घरांत होतो. बिघडतो सगळ्यांच्यात."

जाईबाई उभ्याच होत्या. जाता जाता, दारात वळून, आपल्याला काही पडलेलं नाही अशा आवाजात म्हणाल्या, "एक वाटी द्या हो. लेकीसाठी."

सत्यभामाने वाटी दाबून भरली आणि वर अजून चमचाभर ठेवलं. जाईबाई गेल्यावर दोघी काही वेळ परातीकडे बघत बसल्या. पाच किलो म्हणजे बराच दिसतो.

"तुम्हाला माझ्यामुळे सगळ्यांसमोर बोलावं लागलं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "फडतरेभाऊंना काय वाटेल?"

"त्येंना मी सांगीन. आधी जेवायला घालीन, मग सांगीन."

"मला काहीतरी करू द्या हो तुमच्यासाठी. हा मसाला अर्धा घेऊन जा. नाहीतर कोकमं देते गुहागरची, नाहीतर पुस्तिकेत तुमचं पान पहिलं टाकते. काय हवं ते सांगा. खरंच सांगा."

सत्यभामाने वर फळीकडे पाहिलं. झाकण नुसतं वर टेकवलेलं होतं आणि त्याखालून मेणबत्त्यांची टोकं डोकावत होती. बारा महिने न बोललेलं वाक्य आता अगदी सोपं झालं होतं.

"वैनी, शनिवारी यंदाचा तळ येतोय. माझा डबा द्या. रिकामाच द्या."